जनरलचा वार

१

जनरलनं मालकांचा गळा धरला तेव्हा काका मागच्या खोलीत कुत्र्यांसाठी मांस तोडत होते. पहिली किंकाळी त्यांनी ऐकली, पण ते जागचे हलले नाहीत. मालक आवारात शिरले की कुणी ना कुणी ओरडायचंच. बहुतेक वेळा कुत्रं ओरडायचं, कधी माणूस. दुसरी किंकाळी मात्र मधेच तुटली, आणि हा आवाज मालकांचाच आहे हे काकांच्या लक्षात आलं.

आवाराला उंच जाळी होती आणि दाराशी पत्र्याचा आडोसा, त्यामुळे आत शिरेपर्यंत मोकळं कुत्रं दिसत नसे. आत शिरलं की दार आपोआप बंद व्हायचं आणि किल्लीशिवाय उघडत नसे. मालकांची किल्ली त्यांच्या कमरेला, म्हणजे आतच. काकांनी पहार आणली, कुलपावर घाव घालत राहिले. कुलूप तुटलं तोवर मालकांचे पाय झाडायचे थांबले होते. जनरल त्यांना एखादं पोतं ओढावं तसं मानेला धरून कोपऱ्याकडे ओढत होता.

"जनरल, बस," काका म्हणाले.

जनरल लगेच बसला. छातीपर्यंत रक्तानं भिजलेला, आणि शेपूट हलवत होता.

ही जागा राखणीची कुत्री तयार करण्याची. इथं शिकलेली कुत्री गोदामांवर, कारखान्यांवर जायची. शिकणारी सात पिंजऱ्यांत असत आणि रोज त्यांतलं एकच आवारात मोकळं सोडलं जाई. बाहेरून पिंजऱ्याची झडप ओढून ते सोडायचं काम काकांचं. मग मालक आत जाऊन त्या कुत्र्याकडून कसरत करून घेत. जनरलचा दिवस असला की ते गादी भरलेला जाड कोट घालत, हातात लोखंडी गज घेत आणि बाहेर दोन माणसं उभी करत. कारण त्या कुत्र्याला त्यांनी इतकं बडवलं होतं की त्यांची सावली पडली तरी तो दात दाखवायचा.

त्या गुरुवारी मालक साध्या शर्टात होते आणि हातात वेताची छडी होती.

"राणीसाठी ते छडीच नेतात," काका इन्स्पेक्टरबाईंना म्हणाले. त्यांच्या बोलण्यात अजून मालक जिवंतच होते. "राणी म्हातारी झालीय. ते नुसते खाकरले तरी लोळण घेते."

"मग तुम्ही जनरलला का सोडलंत?"

काकांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं मोठ्या अक्षरांत छापलेला कागद डकवलेला होता. डावीकडे कुत्र्यांची नावं पिंजऱ्यांच्या क्रमानं, उजवीकडे रुंद रकान्यात 'आवारात सोडण्याचा वार'. जनरलसमोर लिहिलं होतं: गुरू. राणीसमोर: बुध.

इन्स्पेक्टरबाई बराच वेळ कागदासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या गुडघ्यात जुनं दुखणं होतं, त्यामुळे उभं राहायचं म्हटलं की त्या एका पायावर भार देत. मग हवालदार आतून आले. त्यांच्या हातात मालकांच्या शर्टाच्या खिशातला घडी घातलेला कागद होता. एका कोपऱ्याचा दातांनी लगदा झालेला, बाकी रक्तानं चिकट.

तोच तक्ता, तोच आठवडा. फक्त त्यात जनरलसमोर होतं बुध, आणि राणीसमोर गुरु.

"हवालदार," बाई म्हणाल्या, "अपघात म्हणून लिहायला घेतलं असेल तर खोडा."

२

काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत जुन्या चाव्यांनी भरलेले होते. त्यांतल्या उजव्या हाताचं हाड मधेच विचित्र वाकलेलं होतं.

"हे कुत्र्यानं नाही केलं," बाई म्हणाल्या.

"नाही. एकदा पाऊस होता म्हणून मी माझ्या मनानं दुसरं कुत्रं सोडलं. तर मालकांनी हीच पहार घेतली. म्हणाले, कागदात आहे ते कर, डोकं चालवू नको. तेव्हापासून मी डोकं चालवत नाही."

"पण आज जनरलला सोडताना काहीच वाटलं नाही?"

"वार दर आठवड्याला बदलतात, बाई. सोमवारी मी सोमचं बघतो, मंगळवारी मंगळचं. पुढचं बघून काय करू? काल बुधसमोर राणी होती, राणीला सोडलं. मालक कुत्री पोचवायला बाहेरगावी गेले होते, त्यामुळे कुणी कसरतीला आलंच नाही. आज गुरूसमोर जनरल."

"काल मालक नसणार हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. ते नसले की आम्ही चहा बसून पितो."

घर आवाराला लागूनच होतं. मालकांची बायको पुढच्या खोलीत बसली होती. जबडा एका बाजूनं सुजून निळा पडला होता आणि मानेवर कड्याकड्यांचा वळ होता. कुत्र्याची साखळी कशी दिसते हे त्यावरून सांगता आलं असतं. तिच्या शेजारी भिंतीला टेकवून एक रिकामी चाकांची खुर्ची ठेवलेली होती.

"ही कुणाची?"

"सासूबाईंची. त्या गेल्या. पायऱ्यांवरून पडून, असं तुमच्याकडे लिहिलेलं आहे."

बाईंनी तिच्या मानेकडे पाहिलं. "हे कधीचं?"

"काल रात्रीचं. हे बाहेरगावाहून आल्या आल्या." तिनं पदर मानेवर ओढला. "मी केलं असेल, असं तुम्हाला वाटतंय. वाटू दे. मी केलं असतं तर मला आज जरा बरं वाटलं असतं."

"ऑफिसची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"ह्यांच्याकडे, माझ्याकडे, भाऊजींकडे आणि कॉम्प्युटरवर बसते त्या ताईकडे. काकांकडे नाही. त्यांना ऑफिसात पाय टाकायची परवानगी नव्हती."

भाऊजी म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ. त्यांना सगळे धाकटेच म्हणत. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. एका कानाची पाळी अर्धी नव्हती. वर्षानुवर्षं शाळेत भाषा शिकवल्यानंतर थोरल्या भावानं त्यांना धंद्यात ओढून आणलं होतं.

"कानाला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"दादाला गंमत वाटली म्हणून त्यानं मला जनरलच्या पिंजऱ्यात ढकललं होतं. बाहेरून कडी लावून हसत उभा होता." त्यांनी हे परीक्षेचा निकाल सांगावा तसं सांगितलं. "पण मी त्याला मारलं नाही. मी कॉम्प्युटरला हातसुद्धा लावत नाही."

हवालदारांनी पंचनामा सहीसाठी पुढे केला. धाकट्यांनी तो पूर्ण वाचला, आणि सही करायच्या आधी खिशातलं पेन काढून दोन ठिकाणी दुरुस्ती केली.

"'मृत्यु' नाही, 'मृत्यू'. आणि ही 'वस्तु' पण. शेवटचा उकार दीर्घ."

"साहेब, मेलेल्याला काय फरक पडतो?" हवालदार पुटपुटले.

"वाचणाऱ्याला पडतो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग आवाज आणखी खाली आणला. "हे बघा, मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण तो तक्ता त्या कॉम्प्युटरवरच्या मुलीच्या हातचा. गेल्याच आठवड्यात दादानं सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं."

त्याच वेळी फाटकाकडून आरडाओरडा ऐकू आला. बाई धावत, म्हणजे त्यांच्या गुडघ्याला जमेल तितकं धावत, बाहेर आल्या. गोदामांवरचे पहारेकरी जमले होते. मालकांचा कुत्रा म्हणवून घेण्यात धन्यता मानणारी माणसं ती. त्यांच्यातल्या एकानं त्या मुलीला केसांना धरून रस्त्यावरून फरपटत आणलं होतं.

"हीच ती," तो ओरडला. "कागद हिनंच छापला. हिला आत टाका त्याच्याबरोबर."

आत म्हणजे कोठडीत नव्हे. तो जनरलच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवत होता.

३

बाईंनी त्या माणसाच्या मनगटावर दंडुका घातला तेव्हा कुठं त्यानं केस सोडले. मुलीला गाडीत बसवेपर्यंत दोन दगड आले. पहिला गाडीच्या टपावर आदळला. दुसरा त्याच माणसानं मारला, त्यानं तिची भुवई फुटली.

ठाण्यात डॉक्टरनं टाके घातले. तेवढ्यात हवालदारांनी तिचं नाव अटकेच्या रकान्यात भरूनही टाकलं. ते म्हणाले, "मॅडम, सरळ आहे. तक्ता हिचा, राग हिचा, छापायचं यंत्रही हिच्याच टेबलावर. बाहेर ती माणसं थांबलीयत. ही आत आहे असं कळलं तर निदान घरी जातील."

"आणि उद्या हिच्या घरी जातील," बाई म्हणाल्या. "हिची आई बाहेर बाकावर बसलीय ना? तिला आत घ्या."

मग त्यांनी भिंतीवरचा कागद मुलीसमोर ठेवला. सुजलेल्या डोळ्यानं तिनं तो पाहिला आणि लगेच मान हलवली.

"हा मी काढलेला नाही. मी सोमवारी दोन काढले. एक मालकांना दिला, एक काकांच्या खोलीत लावला. दोन्हींत गुरुवारी राणीच होती. कॉम्प्युटरवर बघा, फाइल तशीच आहे."

"बघितली. फाइल बरोबर आहे. म्हणजे कुणीतरी ती उघडली, बदलली, छापली आणि जतन न करता बंद केली. तूही करू शकतेस."

"करू शकते." ती खोटं बोलायला शिकलेली नव्हती, किंवा फार चांगलं शिकलेली होती. बाईंना अजून ठरवता येत नव्हतं.

त्यांनी कागदावर नख टेकवलं. सकाळपासून एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. वारांचा रकाना रुंद होता आणि त्यातले बहुतेक वार उजव्या रेघेला चिकटून होते. फक्त जनरलसमोरचा आणि राणीसमोरचा वार डाव्या रेघेला चिकटलेला होता.

"हे दोघं वेगळे का बसलेत?"

मुलगी वाकली. दोन्ही वारांवरून तिनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "हे टाईप केलेत."

"सगळंच टाईप केलेलं असतं ना?"

"नाही. मी वार टाईपच करत नाही, मॅडम. मी तारीख टाकते. सेलमध्ये, म्हणजे त्या चौकटीत, तारीखच असते, फक्त दिसताना वार दिसतो. फॉरमॅटमध्ये तारखेच्या जागी तीन वेळा डी लिहिलं की वाराचं छोटं नाव येतं, चार वेळा लिहिलं की पूर्ण वार येतो. काकांची नजर कमी झालीय, अक्षर मोठं हवं म्हणून मी छोटं नाव ठेवलं. तारीख हा आकडा असतो आणि आकडा आपोआप उजवीकडे बसतो. अक्षरं लिहिली की ती डावीकडे बसतात."

"म्हणजे ज्यानं हे केलं त्याला पडद्यावर 'बुध' दिसलं, आणि तिथं खरंच 'बुध' लिहिलेलं आहे असं वाटलं."

"हो. म्हणून त्यानं ते पुसून दुसरा वार लिहिला."

"आणि तू केलं असतंस तर?"

मुलगी आता बाईंकडे सरळ बघत होती. "मी तारखेत एक दिवस पुढे-मागे केला असता. वार आपोआप बदलला असता. उजवीकडेच बसला असता. कुणाला कळलंच नसतं."

हवालदार खाकरले. "मॅडम, हुशार मुलगी आहे. मुद्दाम अडाण्यासारखं केलं असेल."

"मुद्दाम करायचं तर माणूस दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुढे येईल असं करतो. फरपटत कुणाला आणलं सकाळी?" बाई उठल्या. "हिला इथंच ठेवा, पण कोठडीत नाही, माझ्या खोलीत. आईलाही तिथंच बसवा. मी ऑफिस बघून येते."

ऑफिसात त्यांनी तोच तक्ता उघडला. मुलीनं सांगितलं होतं तसं सेलवर गेल्या. वर तारीख दिसत होती, खाली वार. त्या तारखा बदलून पाहत राहिल्या. सोम, मंगळ, बुध. पुढच्या वारापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पिशवीतून भिंतीवरचा कागद काढला आणि पडद्याशेजारी धरला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

मग फोन उचलला.

"हवालदार, सकाळचा पंचनामा फाडलेला नाही ना? तसाच ठेवा. त्याच्यावर कुणालाही काही लिहू देऊ नका."

४

दुपारी त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. मालकांची बायको, धाकटे, काका. मुलीलाही गाडीतून मागच्या दारानं आणलं. फाटकाबाहेर पहारेकऱ्यांचा जमाव वाढलेला होता आणि मधूनमधून पत्र्यावर दगड वाजत होता.

"प्रत्येकानं एकेका कागदावर लिहून द्या," बाई म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात कुठल्या वारी कुठं होतात. बाजूला वाराचं छोटं नाव आणि पुढे एक ओळ. बास."

काकांनी पेन पहारीसारखं धरलं. त्यांच्या कागदावर 'गुर' असा एक शब्द उमटला आणि त्याच्यापुढे 'इथ' एवढंच. मालकांच्या बायकोनं भराभर लिहिलं, वर पाहिलंसुद्धा नाही. मुलीनं एका डोळ्यानं लिहिलं. धाकट्यांनी सगळ्यांत शेवटी कागद दिला. समास सोडलेला, अक्षर छापल्यासारखं.

बाईंनी चारही कागद टेबलावर मांडले. त्यांच्याखाली भिंतीवरचा कागद ठेवला आणि मालकांच्या खिशातला रक्ताळलेला.

"ज्यानं हा कागद छापला त्याच्याकडे ऑफिसची किल्ली होती. म्हणजे काका नाहीत. शिवाय काकांच्या स्वतःच्या हातानं जनरल सुटणार होता. त्यांना मारायचंच असतं तर कागद बदलायची काय गरज? पिंजऱ्याची झडप ओढायची देर होती."

काकांनी मान खाली घातली. त्यांना ते सुचलं नव्हतं असं काही नव्हतं.

"ज्यानं हे केलं त्याला कॉम्प्युटरवर लिहिता येतं, पण वारांच्या मागे तारखा आहेत हे ठाऊक नाही. म्हणजे ही मुलगी नाही. उरलं कोण, तर वहिनी आणि धाकटे." बाईंनी धाकट्यांकडे पाहिलं नाही. त्या कागदाकडेच बघत होत्या. "कॉम्प्युटर गुरुवार लिहितो तेव्हा 'रु' ह्रस्व असतो. छोटं नाव करताना पुढचा 'वार' फक्त तोडून टाकतो, त्यामुळे उरतो तो ह्रस्वच. 'गुरु'. मालकांच्या खिशातल्या कागदात तसाच आहे. भिंतीवरच्या कागदात मात्र जनरलसमोर 'गुरू' आहे. दीर्घ."

बाईंनी लिहून घेतलेल्या कागदांवर बोट टेकवलं.

"वहिनींनी ह्रस्व लिहिलाय. ही मुलगी रोज पडद्यावर बघते, तिनंही ह्रस्वच लिहिलाय. बहुतेक माणसं तसाच लिहितील, कारण डोळ्यांसमोर गुरुवार असतो. पण हा शब्द एकटा उभा राहिला की शेवटचा उकार दीर्घ करायचा, हा नियम कुणाला आठवतो? आठवतो म्हणजे नुसता आठवत नाही, हाताला सवय असते." त्यांनी धाकट्यांचा कागद पुढे सरकवला. "तुमच्या कागदावर गुरू दीर्घ आहे. शनीही दीर्घ. रवीसुद्धा. आणि सकाळी पंचनाम्यात मृत्यूचा उकार तुम्हीच दीर्घ केलात. भाऊ बाहेर रक्तात पडलेला असताना."

धाकट्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला.

"तेवढ्यावर मला फाशी देणार?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तेवढ्यावर न्यायालय तुम्हाला चहासुद्धा पाजणार नाही. मला काय सिद्ध करता येईल ते मला माहीत नाही, खरं सांगते. पण बाहेर जे आहेत त्यांना पुरावा लागत नाही. त्यांच्या डोक्यात एकच नाव आहे."

जणू ऐकलंच असावं, तसा एक दगड खिडकीची काच फोडून आत आला. तो मुलीच्या पायाशी घरंगळत थांबला. तिनं ओरडायच्या ऐवजी पाय वर उचलून घेतले, लहान मूल घेतं तसे. भुवईवरची पट्टी परत लाल व्हायला लागली होती.

धाकटे त्या पट्टीकडे बघत राहिले.

"हिच्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं," ते म्हणाले.

"सकाळी तुम्हीच माझ्या कानात सांगितलंत."

"सकाळी मी घाबरलो होतो." त्यांनी चष्मा घातला नाही, हातातच ठेवला. "मी आयुष्यभर घाबरलेलाच आहे, बाई."

५

त्यांनी जे सांगितलं ते हवालदारांनी लिहून घेतलं.

आई पायऱ्यांवरून पडली नव्हती. आईनं सुनेच्या अंगावरचा वळ बघून थोरल्याला नावं ठेवली आणि त्यानं तिची खुर्ची पायानं लोटली. खुर्ची पायऱ्यांवरून उलटीपालटी होत खाली आली. धाकटे खालीच उभे होते. आईचं डोकं त्यांच्या चपलेशी येऊन थांबलं. ती त्यानंतरही काही वेळ जिवंत होती, तिला काही सांगायचं होतं. वरून दादा म्हणाला, "पडली. काय?" आणि धाकटे म्हणाले, "हो, दादा. पडली."

"तुमच्या ठाण्यात 'पाय घसरून पडली' असा जबाब आहे ना, तो माझ्याच अक्षरात आहे. एकही चूक नाही त्यात." धाकटे हसल्यासारखं करून थांबले. "आईला खुर्चीवरून उठताच येत नव्हतं. पाय घसरायला आधी पाय टेकवावे लागतात. तुमच्यातल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नाही."

हवालदारांचं पेन थांबलं. बाई म्हणाल्या, "लिहा."

"दादा बुधवारी बाहेरगावी जाणार हे ठरलं तेव्हा मी तो तक्ता बघत उभा होतो. जनरल बुधवारी, राणी गुरुवारी. नुसती अदलाबदल केली की झालं. बुधवारी कुणी आवारात जाणारच नव्हतं, त्यामुळे कुणाला काही कळणार नव्हतं. मंगळवारी ही मुलगी घरी गेल्यावर मी ऑफिसात बसलो. शाळेत निकालपत्रं लिहायचो, तेवढं टाईप करता येतं मला. काका त्या वेळी पिंजरे धूत असतात. मी कागद बदलला. जुना चुलीत घातला."

"पडद्यावरचा मूळचा 'गुरु' ह्रस्व आहे हे दिसलं नाही?"

"दिसलं ना. माझ्या नजरेतून ते सुटेल का?" ते मुलीकडे वळले. "मी 'गुरु' लिहिलं आणि लगेच सुधारलं. परत ह्रस्व करावं असं मनात आलं. पण मग म्हटलं, कोण बघतंय. वीस-बावीस वर्षं मुलांना हेच घोकायला लावलं, एकानं कधी बघितलं नाही. उकार बघून कुणाला पकडतील असं स्वप्नातसुद्धा आलं नसतं."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं त्यात राग नव्हता. ती फक्त त्यांच्यापासून थोडी लांब सरकली. धाकट्यांना तेच सगळ्यांत लागलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी मान वर केली नाही.

"आज सकाळी तुम्ही कुठं होतात?" बाईंनी विचारलं.

"ऑफिसच्या खिडकीत. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल." त्यांनी अर्ध्या कानावरून बोट फिरवलं. "तो 'आई' म्हणून ओरडला. मी खिडकी लावून घेतली."

त्यांना बेड्या घालून फाटकातून बाहेर काढलं तेव्हा पहारेकऱ्यांना आधी काही समजेना. ज्यानं मुलीला फरपटत आणलं होतं तो माणूस पुढे आला आणि त्यानं धाकट्यांच्या तोंडावर ठोसा मारला. दात पडला. धाकट्यांनी हात वर केले नाहीत, तोंड चुकवलं नाही. बाईंनी त्या पहारेकऱ्याला त्याच गाडीत घातलं. मुलीचे केस आणि फुटलेली भुवई, दोन्हीबद्दल.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांची बायको ठाण्यात आली. एकटीच, चालत. इन्स्पेक्टरबाईंना वाटलं, दिराची चौकशी करायला आली असेल, किंवा जनरलची. कुत्र्याचं काय करायचं ते न्यायालय ठरवणार होतं. तोवर त्याच्या पिंजऱ्याला सरकारी मोहोर होती आणि काका मोहोरेच्या बाजूनं हात घालून त्याला पाणी पाजत होते.

पण तिनं दोघांचंही नाव काढलं नाही. ती समोरच्या खुर्चीत बसली. सूज उतरायला लागली होती आणि निळ्याचं आता पिवळं झालं होतं.

"माझा जबाब घ्यायचा राहिलाय," ती म्हणाली.

"झालाय की काल."

"काल तुम्ही विचारलंत तेवढंच सांगितलं." तिनं हात टेबलावर ठेवले. "आवाराच्या दाराची दुसरी एक किल्ली असते. स्वयंपाकघरात, खिळ्याला. पहिली किंकाळी आली तेव्हा मी ती काढून हातात घेतली. मागच्या दारातून बाहेर आले. जाळीपासून मी इथून त्या भिंतीएवढ्या अंतरावर होते. ह्यांनी मला पाहिलं. त्यांचा एक हात मोकळा होता, तो त्यांनी माझ्याकडे केला. काका दुसऱ्या बाजूनं पहारीनं कुलूप तोडत होते, त्यांना मी दिसत नव्हते. मी किल्ली मुठीत धरून उभी राहिले. सगळं होईपर्यंत."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला लावली. हवालदार दारातच थबकले होते.

"वहिनी," बाई सावकाश म्हणाल्या, "हे तुम्ही मला सांगितलं नसतं तर कुणाला कधीच कळलं नसतं. अजूनही कळायची गरज नाही. घाबरून उभं राहणं हा गुन्हा नाही."

"मी घाबरले नव्हते."

बाईंनी समोरचं पेन बाजूला सारलं.

"लिहून घ्या," ती म्हणाली.

"त्यानं तुमचंच नुकसान होईल. वकील म्हणतील, दोघांनी मिळून केलं. कशाला?"

मालकांच्या बायकोनं पदर मानेवरून बाजूला केला. साखळीच्या वळाखाली आणखी एक वळ होता, जुना, पांढरा पडलेला. त्याच्याखाली आणखी एक.

"हा झाला तेव्हा मी इथं आले होते. ह्या खुर्चीत तुमच्या आधीचे साहेब बसले होते. हा झाला तेव्हाही आले. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा आले होते, तेव्हा तुम्ही नुकत्याच बदलून आला होतात. तुम्ही घाईत होतात. म्हणालात, घरी जा, शांत व्हा, मग बघू." तिचा आवाज चढला नाही. "इतक्या वेळा आले, पण माझं बोलणं इथं कुणी एकदाही लिहिलं नाही. आज एवढं तरी लिहा."

इन्स्पेक्टरबाईंना तो दिवस आठवत नव्हता. त्यांनी आठवून पाहिला, खूप प्रयत्न केला, तरी त्या बाईचा चेहरा आठवेना. मग त्यांनी हवालदारांना हातानंच बाहेर जायला सांगितलं, कोरा कागद पुढे ओढला आणि पेन स्वतः घेतलं.

"नाव सांगा," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्यापासून सांगा. किल्लीपासून नको. पहिल्यापासून."